आम्लवर्षा : नाशिकच्या पावसात आम्ल किती आणि ते जातं कुठे?

प्रयोगवही

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला की तो मेसेज हमखास फिरतो. फटाक्यांच्या धुरामुळे आम्लवर्षा होणार, भिजू नका, कातडी भाजेल, केस गळतील, आणि खाली नासाचं नाव. यंदाही आलाय. मी नाशिकरोडला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मुलं वर्गात विचारतात आणि त्यांचे पालक ग्रुपवर. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदा नीट मांडते. मेसेज खोटा आहे, पण विषय खरा आहे आणि आपल्या गावाशी त्याचा संबंधही आहे.

आधी आकडा. पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी, एवढं शाळेत झालेलं असतं. त्यामुळे पावसाचं पाणी सातच्या खाली गेलं की ती आम्लवर्षा, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच. तो थेंबात विरघळून थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं, आणि अगदी स्वच्छ हवेतून पडलेल्या पावसाचाही पीएच साधारण ५.६ येतो. जगात एकही कारखाना नव्हता तेव्हाही पाऊस असा किंचित आम्लच होता. पाणी ५.६ च्या बरंच खाली उतरलं, पाच, साडेचार, चार असं पडू लागलं, की आम्लवर्षा म्हणायचं. आणि या मोजपट्टीवर एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे ४.६ चा पाऊस ५.६ च्या दहापट आम्ल, आणि ३.६ चा शंभरपट.

हे जादा आम्ल मुख्यतः दोन वाटांनी येतं. कोळसा, फर्नेस ऑइल, डिझेल यांतलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, आणि त्याचं ढगातल्या थेंबांत सल्फ्युरिक आम्ल होतं. दुसरी वाट नायट्रोजनच्या ऑक्साइडांची : गाड्यांची इंजिनं, बॉयलर, भट्ट्या. त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. विजा चमकतात तेव्हाही हेच ऑक्साइड तयार होतात. गडगडाटाचा पाऊस पिकाला मानवतो असं जुनी माणसं म्हणतात, त्यात या नत्राचा थोडा वाटा आहे. ज्वालामुखीही गंधक सोडतात. पण उद्योगांच्या प्रदेशांत माणसाचा वाटा निसर्गाच्या कितीतरी पुढे असतो.

वायूचं आम्ल व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात. तेवढ्यात वारा त्याला शेकडो किलोमीटर नेतो. धुराडं एका गावात आणि पाऊस दुसऱ्याच देशात, यावरूनच युरोपात भांडणं झाली. स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांतले मासे संपत चालले होते आणि गंधक बरंचसं ब्रिटन-जर्मनीकडून येत होतं. सीमेपलीकडे जाणाऱ्या हवेच्या प्रदूषणावरचा १९७९ चा जिनिव्हा करार त्यातूनच आला.

शिवाय आम्ल फक्त पावसातून उतरत नाही. धुकं, दव, आणि कोरड्या दिवसांत वायू आणि बारीक कण थेट पानांवर, दगडांवर, पत्र्यांवर बसतात. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने पाऊस नसतो, त्यामुळे नाशिकसाठी ही कोरडी बाजू पावसाइतकीच महत्त्वाची आहे. अभ्यासक सगळं मिळून ‘आम्ल निक्षेपण’ म्हणतात.

आम्लवर्षा हे नाव रूढ केलं रॉबर्ट अँगस स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुरात त्याने पावसाचे नमुने तपासले. १८५२ च्या निबंधात त्याने तीन पट्टे दाखवले : दूरच्या शेतांत पावसात अमोनियाचं कार्बोनेट, उपनगरांत अमोनियाचं सल्फेट, आणि शहरात सल्फ्युरिक आम्ल. पुढे १८७२ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला. ते तीन पट्टे मला फार मोलाचे वाटतात. कारण गंधक उपनगरातही होतंच. तिथे अमोनियाने त्याचं आम्लपण मारलेलं होतं, म्हणून पाऊस आम्ल लागत नव्हता, एवढाच फरक.

कातडी भाजण्याबद्दल : जगात नेहमी नोंदली गेलेली आम्लवर्षा चार ते पाच पीएचच्या आसपासची. ताकाचा पीएच साडेचारच्या आगेमागे असतो, लिंबाच्या रसाचा दोन-अडीच. आपल्या त्वचेचा स्वतःचाच पीएच पाचच्या आसपास असतो. भिजल्याने काही भाजत नाही. ज्या वायूंपासून आणि सल्फेटच्या कणांपासून हे आम्ल होतं ते श्वासातून आत जातात, धोका तिथे आहे.

आता मुख्य प्रश्न : नाशिकला आम्लवर्षा होते का? माझं मत खाली प्रतिसादात मांडेन, आधी तुमची निरीक्षणं येऊ द्या.

सिडकोवासी

ताई, उत्तम धागा. आमच्या सोसायटीत कालच हा मेसेज आला आणि लोकांनी गाड्यांवर कव्हरं चढवली. फटाक्यांत गंधक असतंच ना? मग थोडं तरी खरं असेल.

प्रयोगवही

गंधक असतं, सोबत सोरा आणि कोळसा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकण दोन्ही उसळतात. पण ती काही तासांची भर. औष्णिक केंद्र, बॉयलर आणि वाहनं वर्षभर चालतात. दिवाळीच्या रात्री दम्याच्या माणसाला जपा, पावसापासून गाडी जपायची गरज नाही.

निफाडचा बागायतदार

मॅडम, आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली आहे. या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानांवर पिवळे डाग दिसले. गावात दोघे-तिघे म्हणतायत की हा ॲसिडचा पाऊस होता, एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराचा. औषधवाला वेगळंच सांगतो. आम्ही नक्की काय समजायचं? घड फुलोऱ्यावर यायचेत, चूक परवडणार नाही.

मोरचूद

दादा, पान उलटून बघा. वरून तेलकट पिवळा डाग आणि सकाळी दव असताना त्याच जागी खालून पांढरी बुरशी असेल तर ती डाऊनी, म्हणजे केवडा रोग. सलग ओल आणि ढगाळ हवा मिळाली की येणारच. आम्लाचा मार असता तर बांधावरच्या गवतापासून शेजारच्या टोमॅटोपर्यंत सगळ्यांवर सारखा दिसला असता, फक्त द्राक्षावर नाही.

दुसरं, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलं असेल तर तेही तपासा. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. चुना जुना, हवा लागलेला असेल तर मोरचुदाची आम्लता पुरती मरत नाही आणि मोकळं तांबं पान जाळतं. घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून काढा. तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी अजून घाला. आमच्या वडिलांपासून ही चाचणी आहे आणि ती कधी फसत नाही. कडक उन्हात गंधक मारलं तरी पानाच्या कडा करपतात. पाण्याच्या नावाने बोट दाखवण्याआधी टाकीत काय होतं ते बघायला हवं.

निफाडचा बागायतदार

खालून पांढरं आहे. डाऊनीच. फवारणीला निघालो. धन्यवाद मोरचूद भाऊ.

पण एक सांगा, असा पाऊस वर्षानुवर्षं पडला तर जमीन आंबट होईल का?

प्रयोगवही

तुमच्याकडे नाही, दादा. निफाड-दिंडोरीची काळी जमीन बेसाल्टपासून झालेली. माती परीक्षणाच्या कागदावर पीएच साडेसात ते साडेआठ असाच दिसत असेल. जिथे चुनखडी आहे तिथे मातीच्या ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसून फेस येतो. तो चुना पावसातून येणारं आम्ल पिढ्यान्‌पिढ्या पचवेल. उलट युरिया आणि अमोनियम सल्फेट मातीत नायट्रेट होताना जे आम्ल सोडतात ते पावसापेक्षा कितीतरी जास्त असतं.

स्वीडन-नॉर्वेत उलट परिस्थिती. खाली ग्रॅनाइट, वर मातीचा पातळ थर, त्यात चुना नाही. आम्ल पडलं की मातीतलं ॲल्युमिनियम सुटून तळ्यात जातं आणि माशांचे कल्ले निकामी होतात. पीएच पाचच्या खाली गेला की बहुतेक माशांची अंडी उबत नाहीत. स्वीडनमध्ये तळ्यांत चुनखडीची पूड टाकावी लागली. गंगापूर धरणाचं किंवा गोदावरीचं पाणी तसं होणार नाही, खालचा खडकच वेगळा आहे. हो, इगतपुरी-पेठकडच्या भाताच्या जमिनी भरपूर पावसाने धुऊन गेलेल्या, तिथे ही ढाल पातळ आहे.

देवळालीकर

मग देवळांचं काय? ताजमहालाबद्दल शाळेत वाचलं होतं. आपलं मुक्तिधाम तर सगळं पांढरं मकराण्याचं संगमरवर, आणि एकलहरे तिथून किती जवळ!

प्रयोगवही

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सल्फ्युरिक आम्ल लागलं की त्याचं जिप्सम होतं. ते पाण्यात थोडं विरघळतं, पावसाने धुऊन जातं आणि कोरीव कड बोथट होत जाते. जिथे पाऊस लागत नाही अशा वळचणीच्या जागी जिप्सम तसंच राहतं आणि काजळी धरून काळं पडतं. ताजच्या बाबतीत मथुरा रिफायनरी, फौंड्र्या, वीटभट्ट्या हा सगळा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर ३० डिसेंबर १९९६ ला निकाल आला आणि ताजभोवतीच्या संरक्षित पट्ट्यातल्या, म्हणजे ताज ट्रॅपेझियम क्षेत्रातल्या उद्योगांना कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायूकडे वळायला किंवा तिथून हलायला सांगितलं गेलं. ताजच्या पिवळटपणात धूळ, काजळी आणि यमुनेकाठच्या किड्यांचाही हात आहे, सगळं खापर आम्लावर फोडता येत नाही.

काळाराम मंदिर, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी हे सगळं काळ्या बेसाल्टात. त्यात कार्बोनेट जवळजवळ नाही, सिलिकेटं आहेत. त्याला या आम्लाचा त्रास फार सावकाश होतो. मुक्तिधामच्या दगडाला तत्त्वतः धोका आहे, ताजइतकाच. जे सांभाळतात त्यांनी छज्जाखालच्या न धुतल्या जाणाऱ्या जागा बघत राहाव्यात, आणि ॲसिडने फरशी धुण्याची सवय संगमरवराच्या आसपास अजिबात नको. ते नुकसान एका सकाळीत होतं.

बॉयलरवाला

औष्णिक केंद्रांत नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून हिशेब मांडतो. एकलहऱ्याला आज २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, १९८० च्या आगेमागे सुरू झालेले. त्याआधीचे दोन जुने संच बंद झाले. विजेच्या एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे एक संच पूर्ण भारावर तासाला १५० टनांच्या आसपास जाळतो. आपल्या कोळशात राख भरमसाट, तीस-चाळीस टक्के, पण गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एक टन कोळशात पाच किलो गंधक, आणि गंधकाच्या दुप्पट वजनाचा सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणजे दहा किलो. एका संचाचा तासाला साधारण दीड टन. ढोबळ आहे, संच नेहमी पूर्ण भारावर चालत नाहीत, पण अंदाज येतो.

आता लोक धुराडं बघतात आणि म्हणतात धूर दिसत नाही म्हणजे स्वच्छ. धुराड्याआधी ईएसपी असतं, विजेच्या भाराने राख ओढून घेणारं यंत्र. ते राख पकडतं. सल्फर डायऑक्साइड वायू आहे, रंग नाही, तो सरळ निघून जातो. त्याला पकडायला एफजीडी लागतं. त्यात चुनखडीच्या पाण्याचे फवारे वायूवर मारतात, गंधक चुन्यात अडकतं आणि जिप्सम बाहेर पडतं.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातल्या : ५०० मेगावॅटपेक्षा लहान जुन्या संचांना घनमीटरला ६०० मिलिग्रॅम, मोठ्यांना २००. मुदत आधी दोन वर्षांची होती, मग वाढत गेली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तर देशातल्या बहुसंख्य केंद्रांना एफजीडीतून सूट मिळाली. मोठ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना वेगळा नियम ठेवला आहे.

सिडकोवासी

सूट दिली त्यामागे काही कारण असेलच ना? गंधक कमी, पाऊस आम्ल नाही, मग कोट्यवधी रुपये कशाला? माती पचवते, खडक पचवतो, असं ताईच म्हणाल्या.

बॉयलरवाला

कारणं दिली गेली ती अशी : कोळशात गंधक कमी, बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, आणि एफजीडीला चुनखडीच्या खाणी, पाणी, वीज आणि वर कार्बन डायऑक्साइड. खर्चाचा मुद्दा खोटा नाही, मी ती टेंडरं बघितली आहेत. तरी मला पटत नाही. गंधक कमी म्हणतो ते टक्क्यांत. जाळतो किती टन ते कोण बघणार? उपग्रहांच्या मोजणीत गेल्या दशकात सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत भारत चीनच्या पुढे गेला, कारण तिथे एफजीडी बसली आणि आपल्याकडे कोळसा वाढला.

प्रयोगवही

सिडकोवासी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि हा धागा मी त्याच्यासाठीच काढला.

आपल्याकडे पाऊस बहुतेक ठिकाणी बराच काळ आम्ल नव्हता याचं कारण हवा स्वच्छ होती हे नाही. हवेत धूळ होती. आपल्या मातीच्या धुळीत कॅल्शियम कार्बोनेट आहे. रस्त्याची धूळ, नांगरलेल्या शेताची धूळ, बांधकामाचं सिमेंट, वर राजस्थानातून येणारी धूळ. त्यात गुरांच्या गोठ्यांतून आणि युरियातून येणारा अमोनिया. थेंब ढगातून निघतो तेव्हा त्यात सल्फ्युरिक आम्ल असतं, आणि खाली येता येता धूळ त्याला उदासीन करते. पीएच मीटर लावला की साडेसहा दिसतात आणि आपण निश्चिंत होतो. त्या साडेसहाच्या पाण्यात सल्फेट तेवढंच असतं. स्मिथच्या उपनगरासारखं : गंधक आहे, फक्त आम्ल म्हणून दिसत नाही.

म्हणून नुसत्या पीएचवरून हवेचा निकाल लावता येत नाही. आता पुढचा भाग बघा. नाशिक केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे, आणि या कार्यक्रमात सगळा भर धूलिकणांवर : रस्ते झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे, बांधकामाला हिरवी जाळी. धूळ कमी व्हायलाच हवी, फुफ्फुसांसाठी ती वाईटच. पण धूळ काढली आणि गंधक तसंच ठेवलं तर काय होईल? आम्ल मारणारं निघून जाईल आणि आम्ल राहील. ईएसपीत पकडलेल्या राखेतही थोडी आम्लारी द्रव्यं असतात, म्हणजे तिथेही तेच. युरोप-अमेरिकेत धुराड्यांची राख गाळण्यांनी पकडली गेली, धुराडी उंच केली, गंधक मात्र सोडत राहिले, आणि पावसाची आम्लता लांबवर पसरली.

हे फक्त तर्काने म्हणत नाही. हवामान खातं आणि पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था देशातल्या दहा ठिकाणी दशकानुदशकं पावसाची रासायनिक नोंद ठेवत आहेत, त्यात आपलं पुणं आणि नागपूरही आहे. सुरुवातीला आम्लारीकडे झुकलेला पाऊस बहुतेक ठिकाणी हळूहळू खाली सरकत आला. विशाखापट्टणम, प्रयागराज आणि आसामातलं मोहनबाडी इथे आम्लता स्पष्ट वाढलेली आहे. जोधपूरला थर वाळवंटाच्या धुळीने अजून सावरून धरलंय.

आणि गंधक सोडणं थांबवता येतं, हे झालेलं आहे. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा बदलून वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर एकूण मर्यादा घातली. आज तिथल्या वीजकेंद्रांचं ते उत्सर्जन ९० टक्क्यांहून जास्त घटलं आहे.

देवळालीकर

म्हणजे धूळ आणि गंधक दोन्ही एकदम कमी करायला हवं. हे कुणी असं सांगितलंच नव्हतं.

इगतपुरीची सर

वाचतेय. एक शंका. आमच्याकडे जूनपासून वारा पश्चिमेकडून, कसाऱ्याच्या घाटातून वर येतो. मग एकलहऱ्याचा वायू आमच्याकडे येतच नसेल?

बॉयलरवाला

पावसाळ्यात नाही. तेव्हा इथला वायू पूर्वेला, येवला-कोपरगावच्या अंगाला जातो, आणि तुमच्याकडे येणारी हवा समुद्रावरून निघून मुंबई, ठाणे, कल्याणवरून येते. दिवाळीनंतर वारा फिरतो, पूर्वेकडून, ईशान्येकडून येऊ लागतो. त्यामुळे एका नाशिक जिल्ह्यात एकच उत्तर नाही. इगतपुरीला धूळ कमी, पाऊस जास्त, समुद्राचं मीठ आलेलं. सिन्नरला धूळच धूळ. दोन्हीकडचा पीएच वेगळा येईल असं मला वाटतं.

सिडकोवासी

मग मोजूया की आपण. मुलीच्या शाळेत प्रकल्प द्यायचाच आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी चालेल का? नाहीतर हळद?

प्रयोगवही

हळद फक्त आम्लारीला लाल होते, साबण लागला की कपड्यावर दिसतं तेच. आम्लाला ती पिवळीच राहते, म्हणून इथे उपयोग नाही. जास्वंद आम्लात गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होते, वर्गात दाखवायला सुंदर, पण पाच आणि सहा यांतला फरक तिच्यात कळणार नाही. टीडीएस मीटरने पीएच कळत नाही. साध्या पट्ट्याही पावसाच्या पाण्यात गोंधळ घालतात, कारण त्या पाण्यात क्षार फारच थोडे असतात आणि पट्टीतल्या रंगद्रव्यानेच आकडा हलतो. हातातला पीएच मीटर घ्या, ४ आणि ७ च्या बफरवर (पीएच ठरलेल्या द्रावणांवर) आधी जुळवा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, घाई करू नका.

भांडं प्लॅस्टिकचं, डिस्टिल्ड वॉटरने धुतलेलं. धातूचं नको, सिमेंटच्या गच्चीवरून ओघळलेलं पाणी तर अजिबात नको, सिमेंट स्वतःच आम्लारी आहे. पत्र्याच्या पन्हळीचं पाणीही नको. भांडं उंचावर, झाडापासून लांब, आणि पाऊस सुरू झाल्यावरच उघडायचं, नाहीतर आधीची धूळ त्यात बसते. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी वेगळं आणि नंतरचं वेगळं धरा. पहिलं हवेतली घाण धुऊन आणतं, नंतरचं ढगातलं जास्त सांगतं. त्याच दिवशी मोजा.

इगतपुरीची सर

मी इकडून धरते. निफाडचे दादा तयार असतील तर जूनमध्ये एकाच पावसाचे नमुने चार ठिकाणी मिळतील.

निफाडचा बागायतदार

धरतो. घरी पीएच मीटर आहेच, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाचं संजीवक) फवारणीला पाण्याचा पीएच बघावा लागतो. बफरची पाकिटं नवीन आणतो.

बॉयलरवाला

सिन्नरची बाजू माझी. सल्फर डायऑक्साइडचे रोजचे आकडे केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या संकेतस्थळावर गंगापूर रोडच्या केंद्राचे मिळतात. २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. पावसाच्या आधीच्या दोन दिवसांचे आकडे सोबत लिहून ठेवू.

प्रयोगवही

हे फार बरं झालं. मग रकाने ठरवून टाकते : तारीख आणि वेळ, पहिल्या दहा मिनिटांचा पीएच, नंतरचा पीएच, वारा कुठून, आधी किती दिवस कोरडे गेले, जवळ बांधकाम किंवा नांगरट चालू आहे का. सल्फेट आपल्याला घरी मोजता येणार नाही. त्यासाठी प्रत्येकी अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून, फ्रीजमध्ये ठेवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेरियम क्लोराइडने गढूळपणा बघून मी अंदाज काढेन. पीएच साडेसहा आला आणि सल्फेट भरपूर निघालं, तर तो नमुना मला सगळ्यांत आधी हवा आहे.